क्रमांक तिसरा की एकोणिसावा?

रुग्ण आता भ्रमणध्वनीवर शोध घेऊन दवाखान्यात येतो. त्यामुळे आपल्यापैकी अनेक वैद्य व औषधी विक्रेते संकेतस्थळासाठी दरमहा पैसे मोजतात आणि त्याबदल्यात गूगलवरील क्रमांकाचा अहवाल घेतात. दोन अहवाल शेजारी ठेवले की घोळ सुरू होतो. समजा, विचुंबे येथील एखाद्या दवाखान्याला ‘पंचकर्म पनवेल’ या शब्दांसाठी एक साधन ३ रा क्रमांक देते, दुसरे १९ वा देते आणि गूगलचे स्वतःचे सर्च कन्सोल ७.४ दाखवते. कोणीतरी लबाडी केली असे म्हणण्याची आपल्याला घाई होते. माझ्या मते तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

उपाशीपोटी व जेवणानंतर तपासलेली रक्तशर्करा वेगळी आली म्हणून आपण प्रयोगशाळेशी भांडत नाही. नमुना केव्हा घेतला ते विचारतो. येथेही देश आणि काल पाहावेच लागतात. क्रमांक मोजणारे साधन ठरावीक ठिकाणाहून, ठरावीक भाषेत व उपकरणावर शोध घेतल्याप्रमाणे निकाल मागवते आणि त्या क्षणी दिसलेले स्थान नोंदवते. एका साधनात ठिकाण ‘मुंबई’ भरलेले असेल व दुसऱ्यात ‘पनवेल’, तर उत्तरे जुळणार कशी? स्थानिक निकाल मुख्यतः सुसंगतता, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात, असे गूगलच सांगते. विचुंब्यात बसून शोधणाऱ्याला जो दवाखाना वर दिसतो, तो पनवेल स्थानकाजवळ उभ्या असलेल्याला खाली दिसू शकतो. शिवाय काही साधने नकाशातील दवाखान्यांनाही क्रमांक देतात, तर काही केवळ साध्या दुव्यांनाच मोजतात.

सर्च कन्सोलची रीत याहून निराळी आहे. प्रत्यक्ष शोधांत आपले पान जेव्हा जेव्हा दाखवले गेले, तेव्हाच्या स्थानांची ते सरासरी काढते. पान दाखवलेच गेले नाही, तर त्या शोधाचा सरासरीवर काहीच परिणाम होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. त्यानंतर अनेक संकेतस्थळांची दर्शनसंख्या एकाएकी घटली आणि सरासरी क्रमांक मात्र सुधारलेला दिसला. मोजणाऱ्या यंत्रांनीच खोलवरची पाने उघडून ती संख्या फुगवली होती, हे त्यामागचे बहुतेक जाणकारांनी मान्य केलेले कारण. दवाखान्यात मात्र त्या महिन्यात काहीच बदलले नव्हते!

मला अधिक खटकते ती शब्दांची निवड. ‘आयुर्वेदिक औषधे पनवेल’ या शब्दांवर वर येणे कठीण. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या धूतपापेश्वरचे हे गाव. उलट, दवाखान्याचे नाव, गाव व उपचार अशी लांबलचक शब्दमाळ निवडली, तर पहिला क्रमांक सहज मिळतो, कारण ती कोणी टंकतच नाही. असा पहिला क्रमांक दाखवून देयक वसूल करणे ही अहवालातील खरी खोट आहे. साधनांमधील फरक त्यापुढे किरकोळ ठरतो.

क्रमांकाच्या हव्यासाचा आणखी एक दुष्परिणाम होतो. ‘मधुमेह समूळ बरा’ अशी वाक्ये संकेतस्थळावर शिरतात. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे, आणि अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेणे हाही त्यात गुन्हाच आहे. मजकूर एजन्सीने लिहिला ही सबब पुरेल, या भ्रमात कोणी राहू नये.

तेव्हा करार करतानाच शोधाचे ठिकाण, भाषा, उपकरण, शब्द आणि नकाशा मोजणार की नाही हे लेखी ठरवून घ्यावे. साधन मध्येच बदलू नये. त्याच साधनाचे मागील महिन्याचे आकडे तेवढे तुलनेस घ्यावेत. गूगलवरील व्यवसाय-नोंदीत दूरध्वनीच्या कळा किती वेळा दाबल्या गेल्या तेही दिसते, पण कळ दाबणारा प्रत्येक जण रुग्ण होत नाही. म्हणून नव्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘आमची माहिती कोठून मिळाली?’ असा एक रकाना ठेवावा आणि तो स्वागतकक्षातच भरून घ्यावा. तीन महिन्यांचे असे केसपेपर हाताशी असले, म्हणजे एजन्सीच्या देयकाबद्दल बोलणे सोपे जाते.