चिंतेला वेळ नेमून द्या

‘चिंता करूं नये’ हा उपदेश आपल्या घरांतून जितक्या वेळां केला जातो, तितका दुसरा कोणताही होत नसेल. आणि इतका निष्फळही दुसरा कोणता ठरत नसेल. कारण चिंता करणारास आपण चिंता करीत आहों असें वाटतच नाहीं; आपण काळजी घेत आहों असेंच वाटतें.

माझ्याच घरची गोष्ट सांगतें. माझा मुलगा परगांवीं नोकरीस असून रात्रीं उशिरां दुचाकीवरून बिऱ्हाडीं परततो. ‘पोंचलों’ एवढा एक शब्द त्यानें फोनवर कळवावा, असा मीं नियम घातला होता. प्रथम त्या एका शब्दानें मला झोंप लागे. पुढें तो दहा मिनिटें उशिरां आला कीं छातींत धडधड सुरू होई. आणि आल्यावरही ‘जेवलास ना?’, ‘दार नीट लावलेंस ना?’ अशी प्रश्नांची माळ लागे. एका उत्तरानें समाधान होण्याऐवजी नवा प्रश्न जन्मास येई. गेल्या दिवाळींत तो सहज बोलून गेला कीं, कित्येक महिने तो कचेरींतून निघण्यापूर्वींच ‘पोंचलों’ म्हणून कळवीत होता! माझी झोंप मोडूं नये, हाच त्याचा हेतु. परंतु आईशीं खोटें बोलण्याची पाळी त्याच्यावर माझ्या चिंतेनेंच आणली, हें उमगतांच मला रडूं कोसळलें. शिवाय, मी निर्धास्त झोंपलें होतें तेव्हां तो रस्त्यावर होता, आणि तरीही सुखरूप पोंचत होता. माझ्या जागरणानें त्याचें रक्षण कधींच होत नव्हतें.

‘मन चिंती तें वैरी न चिंती’ असें आपल्याकडे म्हणतात, तें खोटें नाहीं. पण या मनास दटावूनही भागत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानें कांहीं विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार करूं नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वारंवार वाजत राहिली. इतकेंच नव्हे, तर पुढें मोकळीक मिळतांच त्यांच्या मनांत अस्वल अधिकच येऊं लागलें. विचार दडपला कीं बळावतो तो असा.

मग करावें काय? थॉमस बॉर्कोवेक व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं निराळा मार्ग पडताळून पाहिला: चिंतेस मज्जाव न करतां तिला रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळीं व ठरलेल्या जागीं, नेमून द्यावा. मीं दुपारच्या चहानंतरची वेळ निवडली. निजण्याची वेळ मात्र मुळींच निवडूं नये. एरव्हीं चिंता आली कीं वहींत एक ओळ लिहावी, ‘चार वाजतां पाहूं’ म्हणावें आणि हातांतील कामाकडे वळावें. चार वाजतां वही उघडून प्रत्येक ओळीपुढें एकच प्रश्न विचारावा: यांत मला करण्याजोगें कांहीं आहे काय? असल्यास तें कोणत्या दिवशीं करावयाचें, तें लिहावें. नसल्यास ओळ तशीच राहूं द्यावी. सकाळीं डोंगराएवढ्या वाटलेल्या कित्येक ओळी चार वाजतां वाचवतही नाहींत, हा माझा अनुभव. आणि एक पथ्य: ज्या प्रश्नाचें उत्तर एकदां मिळालें, तो पुन्हां विचारावयाचा नाहीं. पहिले आठ दिवस हेंच सर्वांत जड जातें.

मात्र चिंता सहा महिने वा अधिक काळ बहुतेक रोज छळीत असेल, झोंप उडाली असेल, अंग आंखडलेलें व स्वभाव चिडखोर झाला असेल, तर वहीवर विसंबूं नये, डॉक्टरांस दाखवावें. कंठग्रंथीच्या विकारानेंही अशी धडधड होते. संभाषणानें होणारे उपचार आणि औषधें, दोन्हीही गुणकारी आहेत. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें.

आमच्या घरीं आतां ‘पोंचलों’चा नियम नाहीं. परवां रात्रीं मुलानें ‘अजून कचेरींतच आहें, उशीर होईल’ असें खरेंखरें कळविलें. मीं वहींत एक ओळ लिहिली आणि दिवा मालवला.