पहिलीपासून फ्रेंच? पावती फाडण्याआधी हे वाचा

मोहने, गाळेगाव, आंबिवली, अटाळी, वडवली इथल्या पालकांनो,

ॲडमिशनचे दिवस आले की आपल्या नाक्यांवर शाळांचे फ्लेक्स झळकायला लागतात. स्मार्ट क्लास, अबॅकस, स्केटिंग झालं, आता त्यात ‘पहिलीपासून फ्रेंच’ची भर पडली आहे. आम्ही कुठल्याही एका शाळेचं नाव घेत नाही. दुखणं एका शाळेचं नाही, आणि त्यात आपलाही हात आहे.

2025 चा उन्हाळा आठवा. 16 एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा जीआर काढला. ओरड झाली. 17 जूनला सुधारित जीआर आला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 मुलं हवीत, असं त्यात होतं. पुन्हा ओरड झाली आणि 29 जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. त्या अडीच महिन्यांत आपण काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादू नका. बरोबरच म्हणत होतो. मग हेच ओझं फ्रेंचचं झालं की हलकं कसं होतं? सरकार फुकट देत होतं ती भाषा आपण रस्त्यावर उतरून नाकारली. शाळेने विकायला काढली ती रांगेत उभं राहून घेतली.

आता वर्गात नक्की काय चालतं ते बघू. आठवड्याला दोन तासिका, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. परीक्षा, सुट्ट्या, गॅदरिंगच्या तालमी आणि पावसात लोकल बंद पडण्याचे दिवस वजा केले, तर वर्षाचे तीस आठवडे धरा. म्हणजे झाले 35 तास. वर्गात चाळीस मुलं असतील तर एका मुलाच्या वाट्याला बाईंशी बोलायला वर्षभरात तासभरही येत नाही. फ्रेंचची पहिली पायरी, जिला ए-वन म्हणतात, ती गाठायला मोठ्या माणसाला साधारण 80 ते 100 तास लागतात. तेही छोट्या वर्गात, अनुभवी शिक्षकाकडे. आणि आपल्याकडे शिकवायला कोण येतं? बहुतेक वेळा तासावर नेमलेली एखादी मुलगी, जी सकाळी एका शाळेत असते आणि दुपारी दुसऱ्या. तिचा दोष नाही, तिलाही पोट आहे. पण चारचौघांत ‘बोंजूर’ म्हणून दाखवणाऱ्या पोराला फ्रेंच येतं, असं समजून आपण फसू नये.

वही उघडून बघा. लिंबू रंगवलेलं, त्याच्याखाली पिवळ्या रंगासाठीचा फ्रेंच शब्द. सफरचंद रंगवलेलं, त्याच्याखाली लाल रंगासाठीचा. दुसरीतही तेच लिंबू, तिसरीतही. मग कधीतरी आकडे येतात. फ्रेंचमध्ये नव्याण्णव म्हणायचं तर चार-वीस-दहा-नऊ असं म्हणावं लागतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! मराठीत एकोणनव्वद आणि एकोणऐंशी यांत गडबडणारं मूल, इंग्रजीत थर्टीन-थर्टी घोळणारं मूल, त्याच इयत्तेत फ्रेंचची ही तिसरी रीत पाठ करतं, आणि त्यावर कोणी ओरडत नाही. घरी विचारायला कोणी नाही. आईला येत नाही, बाबांना येत नाही, ट्यूशनच्या ताईलाही येत नाही. मग फ्रेंचचीही ट्यूशन लावायची.

‘लहान मुलं भाषा पटकन उचलतात’ हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. खरं आहे, पण अर्धं. मूल भाषा उचलतं ती दिवसभर कानावर पडते म्हणून. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट नावाच्या उपनगरात 1965 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी बालवर्गापासून मुलांना फ्रेंच शिकवायचा प्रयोग सुरू करून घेतला. तो गाजला. पण तिथे फ्रेंचची तासिका नव्हती, सुरुवातीला अख्खी शाळाच फ्रेंचमधून होती, आणि बाहेर बहुतेक क्वेबेक प्रांत फ्रेंच बोलत होता. आपल्या माणसांचं उदाहरण हवं असेल तर मॉरिशसला जा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत. त्यांची मुलं पहिलीपासून इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात, शिवाय सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेता येतो. तिथे ते जमतं, कारण घरात-बाजारात बोलली जाणारी क्रिओल भाषा फ्रेंचमधूनच वाढलेली आहे आणि वर्तमानपत्रंही फ्रेंच आहेत. मोहन्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी कुठल्या भाषेत घेतात, ते सांगायला नको.

आणि जिथे आठवड्याच्या तासिकांवर भागवलं, तिथे काय झालं? इंग्लंड आणि वेल्समध्ये 1960 च्या दशकात नेमकं हेच करून पाहिलं. आठव्या वर्षापासून फ्रेंच, निवडक शाळांत, सरकारी खर्चाने. संशोधक क्लेअर बर्स्टॉल यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आणि 1974 मध्ये अहवाल दिला. अकराव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलांशी तुलना केली, तर सोळाव्या वर्षी लवकर सुरू केलेली मुलं फक्त ऐकून समजण्यात पुढे होती, बाकी कशात ठळक फायदा दिसला नाही. फ्रान्स त्यांच्यापासून एका खाडीच्या अंतरावर आहे, तरी ही गत! इंग्लंडने 2014 पासून प्राथमिक शाळांत परकी भाषा पुन्हा आणली, तीही सातव्या वर्षापासून आणि सरकारी शाळांत बिनपैशाची.

‘पुढे परदेशात नोकरी मिळेल.’ मिळू दे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यासाठी जर्मन शिकवायचं ठरलं ते कोणाला? नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा मोठ्या माणसांना. बालवाडीतल्या पोरांना नाही. ज्याला गरज लागते तो विशीतही भाषा शिकतो. ‘दहावीला फ्रेंचमध्ये मार्क पडतात’ हे कारण जरा प्रामाणिक आहे, आम्ही त्याला हसत नाही. पण त्यासाठी आठवीपासून सुरुवात केली तरी चालतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही परदेशी भाषांचा पर्याय माध्यमिक टप्प्यावरच सांगितला आहे.

मोहन्याला पैशाची किंमत कोणी शिकवायला नको. एनआरसी ही आपली कृत्रिम रेशमाची कंपनी 2009 मध्ये बंद पडली, कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. कोणी सिक्युरिटीत लागलं, कोणी रिक्षा चालवली, पण पोरांची फी भरली. (गंमत म्हणजे ज्या कृत्रिम रेशमाच्या धंद्यावर हे गाव पोसलं, तो सुरू केला शार्दोने नावाच्या एका फ्रेंच माणसाने. त्याने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात ते रेशीम मांडलं होतं. आपल्या बापांनी मात्र एकही फ्रेंच शब्द न येता तीन पाळ्या चालवल्या.) अशा घरांतून फीच्या नावाखाली लिंबू रंगवायचे पैसे निघताहेत. आणि त्याच शाळांत वाचनालयाच्या कपाटाला कुलूप असतं, मराठीची तासिका पीटीच्या बाईंकडे दिलेली असते. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. ती कोण शिकवतं, हे आपण शाळेला कधी विचारलं आहे?

फ्रेंचशी आमचं वैर नाही. ज्या मुलाला आठवीत मनापासून शिकायची असेल त्याने जरूर शिकावी, चांगल्या शिक्षकाकडे शिकावी. आमचं म्हणणं पहिली ते चौथीपुरतं आहे. या चार वर्षांत मुलाला मराठी आणि इंग्रजी न अडखळता वाचता यावी, आपल्या मनाने चार ओळी लिहिता याव्यात आणि पाढे यावेत. एवढं झालं तरी शाळेने पैसे वसूल करून दिले म्हणू.

करायचं काय? 2011 च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) कायद्याप्रमाणे खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असावी लागते, आणि तिच्यात प्रत्येक इयत्तेतून सोडतीने निवडलेला एक पालक असतो. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, ते माहीत करून घ्या. येत्या सभेत लेखी विचारा: फ्रेंचसाठी किती पैसे घेता, शिकवणाऱ्याचं शिक्षण काय, आठवड्याला किती तासिका, आणि चौथीच्या शेवटी मुलाला नक्की काय येणार? उत्तर लेखीच मागा. मिळालं नाही, तर पुढच्या वर्षीच्या फीतून ही रक्कम वगळायची मागणी एकट्याने न करता वर्गातल्या सगळ्या पालकांनी सह्या करून द्या.

हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या घरी द्या.

— मोहने-आंबिवली परिसरातले काही पालक