सायकल लाखाची, हवा फुकटची

यंदाच्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या घाटांतून आणि गावांतून ‘पुणे ग्रँड टूर’ ही शर्यत धावली. ‘यूसीआय’ या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या २.२ दर्जाची, अनेक टप्प्यांची रस्त्यावरची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती या भागांतल्या लोकांनी रस्त्याकडेला उभे राहून परदेशी संघांच्या सायकली जवळून पाहिल्या. तेव्हापासून सायकलच्या दुकानांत आणि रविवारी पहाटे जमणाऱ्या गटांत एकच चर्चा रंगते आहे : कोणती फ्रेम, कोणती चाके, किती गिअर, किती ग्रॅम.

त्यातच पुढच्या वर्षीच्या ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ची तयारी सुरू झाली आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली ही १२०० किलोमीटरची सफर आता चार वर्षांतून एकदा होते आणि ती जास्तीत जास्त ९० तासांत पूर्ण करावी लागते. ऑगस्ट २०२७ मध्ये तिथे उतरायचे, तर त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ म्हणजे पात्रता सफरी वेळेत संपवाव्या लागतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांतून अशा सफरी निघतात आणि त्यांत नोकरदार, डॉक्टर, शिक्षक, गृहिणी असे सगळे असतात. यांतल्या अनेकांनी सायकलवर लाख-दीड लाख रुपये खर्च केलेले असतात.

खर्च करण्यात गैर काहीच नाही. मात्र सफर सुखरूप पूर्ण होणार की गुडघा धरून टेम्पोत बसावे लागणार, हे बहुतेक वेळा ज्या गोष्टींवर ठरते, त्यांना फारसे पैसे पडत नाहीत. टायरमधली हवा, सीटची उंची, चेनची लांबी आणि आदल्या रात्रीची झोप ही त्यातली चार मापे. दुकानातल्या गप्पांत यांच्याविषयी सर्वात कमी बोलले जाते.

एक किलोचा हिशेब

आधी वजनाचे पाहू. ७० किलोचा सायकलस्वार, नऊ किलोची सायकल आणि पाणी-सामानाचे तीन किलो मिळून ८२ किलो होतात. ५०० मीटर उंचीचा घाट चढायला त्याला ४० मिनिटे लागतात असे धरू. आता त्याने बरेच पैसे मोजून सायकल एक किलोने हलकी केली. चढावर बहुतेक ताकद वजन वर नेण्यात जाते, म्हणून वेळही साधारण वजनाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास कमी होतो. ४० मिनिटांत वाचले जेमतेम अर्धे मिनिट. व्यावसायिक शर्यतीत अर्ध्या मिनिटाने निकाल फिरतो, त्यामुळे तिथे ग्रॅमचा हिशेब होतो. तिथेही ‘यूसीआय’च्या नियमानुसार सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही.

सपाट रस्त्यावर तर वजनाचा परिणाम आणखी कमी. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना बहुतांश ताकद समोरची हवा कापण्यात जाते आणि वेग दुप्पट केला की हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. हवा अडवण्यात सायकलपेक्षा सायकलवर बसलेल्या माणसाच्या शरीराचा वाटा मोठा असतो. म्हणजे तासन्‌तास न दुखता थोडे वाकून बसता येणे हे हलक्या फ्रेमपेक्षा जास्त उपयोगाचे. ते जमायचे असेल तर सायकल आपल्या अंगाला बेतलेली हवी.

टायर टणक म्हणजे वेगवान?

पूर्वी रस्त्यावरच्या सायकलींना २३ मिलिमीटरचे टायर असत आणि त्यांत १०० ते १२० पीएसआय हवा भरत. टायर दगडासारखा टणक लागला की सायकल पळते, असा समज होता. आता व्यावसायिक शर्यतींतही २८ ते ३० मिलिमीटरचे टायर आणि पूर्वीपेक्षा बरीच कमी हवा दिसते. हा बदल केवळ फॅशन नाही.

टायर फिरताना रबर दाबले जाते आणि पुन्हा मोकळे होते. या दाबण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवला, तर हवा जितकी जास्त तितकी ही हानी कमी दिसते. जुना समज याच चाचणीतून पक्का झाला. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो आणि खडीही नसते. खऱ्या रस्त्यावर टायर फार टणक असला, तर तो खडीवरून दबत जाण्याऐवजी उडत जातो. प्रत्येक उडीबरोबर सायकलस्वाराचे शरीर हादरते आणि ते हादरे स्नायूंत जिरतात. त्यात खर्च होणारी ऊर्जा पायडलमधूनच आलेली असते. त्यामुळे एका मर्यादेपुढे हवा वाढवली, की सायकल वेगवान वाटते पण प्रत्यक्षात मंदावते.

ही मर्यादा रस्त्याप्रमाणे बदलते. शर्यतीसाठी ठरलेल्या मार्गावर नवे डांबर पडते. रोजच्या रस्त्यावर मात्र खड्डे, पॅचवर्क, आडव्या पट्ट्या आणि पावसाने उघडी पडलेली खडी असते. अशा ठिकाणी ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या ट्यूब असलेल्या टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय हवा पुरते. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने तिथे मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. वजन जास्त असेल तर हवा थोडी वाढवावी, टायर रुंद असेल तर कमी करावी. फार कमी हवाही चालत नाही. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि तिला सापाने डसल्यासारखी दोन भोके पडतात.

हा केवळ आरामाचा मुद्दा नाही. नव्या महागड्या चाकांपैकी काहींच्या रिमला टायर धरून ठेवणारी आतली कड, म्हणजे हुक, नसते. अशा रिममध्ये पाच बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. शिवाय त्यावर ठरावीक टायरच बसवायचे असतात. जुन्या सवयीने कोणी त्यात ११० पीएसआय भरली, तर टायर रिमवरून सुटू शकतो. घाट उतरताना असे झाले, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. मर्यादेचा आकडा रिमवर किंवा चाकाबरोबरच्या पुस्तिकेत असतो. चाके घेताना तो वाचायला हवा.

हवा कुठे भरायची, हाही प्रश्न आहे. या सायकलींचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह पंक्चरवाल्याच्या नळीला बसत नाही, त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असल्याने मोठ्या कॉम्प्रेसरने ती काही सेकंदांतच प्रमाणाबाहेर फुगते. घरी आकडा दाखवणारा पायपंप असणे त्यामुळे सर्वात चांगले. उन्हाचाही हिशेब ठेवावा. पहाटे २० अंश तापमानात ७५ पीएसआय भरलेला टायर दुपारी ४० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ८१ च्या आसपास जातो. रिमच्या मर्यादेला अगदी खेटून हवा भरू नये, ती यासाठीच.

गुडघ्याची तक्रार, सीटचे कारण

मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने दहा तास पायडल मारले, की प्रत्येक गुडघा ४८ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट एक सेंटिमीटर चुकीच्या उंचीवर असली, तर ती चूकही ४८ हजार वेळा होते. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेला राहतो, वाटीवर दाब वाढतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. सीट फार वर असली तर पाय पुरवण्यासाठी कंबर दोन्ही बाजूंना डुलते. मग गुडघ्याच्या मागची शीर ओढल्यासारखी होते आणि पाठही धरते. पायडल सर्वात खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा, असे सर्वसाधारण माप मानले जाते.

घरी हे तपासण्याची सोपी रीत आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसावे आणि टाच पायडलवर ठेवून ते सर्वात खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ होत असेल, तर चवडा पायडलवर आल्यावर गुडघ्याला हवा तेवढा बाक मिळतो. पुढचा बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त करू नये आणि मोठ्या सफरीच्या आदल्या दिवशी तर काहीच बदलू नये.

हाताच्या करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येणे, हेही दूरच्या सायकलस्वारांचे ओळखीचे दुखणे. तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस हँडलवर सतत दाबली गेल्याने असे होते. टायर फार टणक असतील तर हादऱ्यांची त्यात भर पडते. हाताची पकड दर काही मिनिटांनी बदलणे, हवा योग्य ठेवणे आणि सगळा भार हातांवर पडत नाही ना, हे पाहणे हे पहिले उपाय. मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येत असेल, तर सीटचे नाक वर उचललेले आहे का आणि सीटची रुंदी आपल्या बैठकीच्या हाडांना जुळते का, हे तपासावे. बधिरपणा सफरीनंतर काही दिवस टिकला, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये.

दीड मिलिमीटरची चेन

‘चेन लांबली’ असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा लोखंड ताणले गेलेले नसते. चेनच्या प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग घासून झिजतो आणि अशा शंभराहून अधिक सांध्यांची झीज मिळून लांबी वाढते. तेलावर बसलेली धूळ ही झीज झपाट्याने वाढवते. नव्या चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. २४ अंतरे मोजली की बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. तेच अंतर ३०६.३ भरले, तर चेन अर्धा टक्का झिजली. ११ किंवा १२ गिअरच्या सायकलीला एवढ्यावरच नवी चेन घालावी. दीड मिलिमीटरचा फरक साध्या पोलादी पट्टीने कळतो.

दुर्लक्ष केले, तर झिजलेली चेन मागच्या दात्यांनाही आपल्या मापाने झिजवते. मग चेनबरोबर महागडी कॅसेटही बदलावी लागते. त्याहून वाईट म्हणजे चढावर उभे राहून जोर लावताना चेन दात्यांवरून घसरते आणि सायकलस्वार तोल जाऊन मागून येणाऱ्या वाहनासमोर पडू शकतो. पावसाळी सफरीनंतर चेन कोरडी पुसून तेल देणे आणि वरचे जादा तेल फडक्याने टिपून घेणे, एवढ्याने तिचे आयुष्य बरेच वाढते.

झोपेचा आकडा

चौथे माप सायकलचे नाही, पण सर्वात गंभीर आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे दिसले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. २४ तास जागरण झाले, तर ती ०.१० टक्क्याच्या पातळीला जाते. भारतात मोटार चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

आता ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचे वेळापत्रक पाहू. मुदत २७ तासांची. पहाटे सहाला सुटायचे म्हणून माणूस चारला उठतो. रात्री नऊला त्याच्या जागरणाचे १७ तास होतात आणि अजून रात्रभर महामार्ग उरलेला असतो. या सफरींत रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते आणि ते योग्यच आहे. पण जाकिटामुळे ट्रकवाल्याला सायकल दिसते, सायकलस्वाराची डुलकी थांबत नाही. डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद झोपतो, आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल तीन सेकंदांत २० मीटर पुढे गेलेली असते.

यावर महागडे उपकरण नाही. आधीचे दोन-तीन दिवस पुरेशी झोप घ्यावी, आणि डुलकी येऊ लागताच पेट्रोल पंप किंवा धाब्यासारख्या उजेडाच्या सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे पडावे. कॉफी घेतल्यावर लगेच पडले, तर तिचा असर जाग येण्याच्या सुमारास सुरू होतो. सफर संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. ब्रेव्हेमध्ये प्रत्येकाने आपली सोय आपण पाहायची असते. तरी रात्रीच्या थांब्यावर चार सतरंज्या अंथरणे आणि पेंगुळलेल्याला ‘थोडा पड’ असे सांगायला एखादा स्वयंसेवक ठेवणे आयोजकांना अवघड नाही.

खरेदीचा क्रम

याचा अर्थ खर्चच करू नये असा नाही. पावसात आणि लांब उतारावर डिस्क ब्रेक खरोखर भरवशाचे असतात. चांगले दिवे आणि डोक्यावर नीट बसणारे हेल्मेट यांत काटकसर करू नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी बदलावे, कारण आतला फोम धक्का झेलताना चेपलेला असतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. हे सगळे झाल्यावर पैसे उरले, तर हलकी चाके आहेतच.

क्लबांनाही यात करण्यासारखे आहे. सफरीच्या सुरुवातीला दिवे तपासले जातात, त्याच रांगेत टायरच्या हवेचा आकडा आणि चेनची झीज पाहिली, तर माणशी दोन मिनिटेही लागणार नाहीत. दुकानदारांनी सायकल विकताना सीटची उंची लावून द्यावी आणि रिमवरची हवेची मर्यादा गिऱ्हाइकाला दाखवावी. पावसाळ्यानंतर मोठ्या सफरींचा हंगाम सुरू होईल, तेव्हा नवी खरेदी करण्याआधी एकदा पंप, पट्टी आणि पाना घेऊन असलेल्या सायकलीपाशी बसायला हवे.