सहीपुरतें सांत्वन

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं आमची सूनबाई कचेरींतून परतली ती पिशवींत एक भलें मोठें पाकीट घेऊन. ती पुण्यास हिंजवडीच्या बाजूला एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे. पाकिटांत जाड कागदाचें घडीचें पत्र होतें. बाहेर पांढरीं फुलें छापलेलीं, आंत पंधरा-वीस सह्या, आणि सोबत नांवांची एक यादी. सही झाली कीं नांवापुढें खूण करावयाची. तिच्या विभागांतील एका गृहस्थांचे वडील वारले होते. "बाबा, सगळ्यांनीं 'मनःपूर्वक सांत्वन' एवढेंच लिहिलें आहे. मी काय लिहूं?" तिनें विचारलें.

प्रश्न साधा, पण रात्रीचीं जेवणें होईपर्यंत घरांत तोच विषय पुरला. "हें साहेबी खूळ आहे," असें म्हणून आमच्या वडील बंधूंनीं तो बाजूस सारण्याचा प्रयत्न केला. वस्तुतः खूळ नवें नाहीं. शाळेंत शिक्षकांच्या खोलींत फुलस्कॅप कागदावरचें दुखवट्याचें पत्र सहीसाठीं फिरतांना मीं कित्येकदां पाहिलें आहे. मजकूर एकाचा, सह्या तिसांच्या. आतां कागद बदलला, फुलें आलीं, इतकेंच.

या बाबतींत माझ्या पदरीं एक चूक आहे, ती सांगितल्यावांचून पुढें उपदेश करणें बरें नव्हे. मी नोकरींत असतांना आमच्या एका सहकारी शिक्षकांचा बारा वर्षांचा मुलगा तापानें गेला. पत्राचा मसुदा करण्याचें काम, संस्कृत शिकविणारा म्हणून, मजकडे आलें. मीं दोन पानें लिहिलीं. देहाची नश्वरता, आत्म्याचें अमरत्व, काळाची गति, कांहीं म्हणून सोडलें नाहीं. मुख्याध्यापकांपासून सर्वांनीं सह्या केल्या. अनेकांनीं तर मजकूर न वाचतां, तास चुकूं नये म्हणून उभ्याउभ्याच केल्या. एक शिक्षक रजेवर होते, त्यांची सही त्यांच्या मित्रानें ठोकून दिली. पुढें वर्षभरानें ते सहकारी मजजवळ सहज बोलून गेले, "अहो, रागावूं नका, पण तुमच्या पत्रांतलें मला एक अक्षर आठवत नाहीं. कोपऱ्यांत आपल्या शिपायानें पेन्सिलीनें एक ओळ लिहिली होती. 'बाळ डबा घेऊन आला कीं फाटकापाशीं मला काका म्हणून हांक मारी.' ती ओळ हिनें मला कितीदां वाचावयास लावली!" मग थोडें थांबून म्हणाले, "आणि ती रजेवरच्यांची सही त्यांची नव्हती. अक्षर मी ओळखतों."

रघुवंशाच्या आठव्या सर्गांत इंदुमतीच्या मृत्यूनें अज विलाप करीत असतां वसिष्ठ यज्ञदीक्षेंत असल्यामुळें स्वतः येऊं शकत नाहींत. ते शिष्याकरवीं उपदेश पाठवितात. उपदेश निर्दोष आहे. अज तो आदरानें ऐकून घेतो, शिष्याला निरोप देतो. परंतु शोकानें भरलेल्या त्या अंतःकरणांत त्या शब्दांना जागाच मिळत नाहीं. हा सर्ग मीं किती वेळां वाचला असेल! जेथें वसिष्ठांचें चाललें नाहीं तेथें माझीं दोन पानें काय चालणार, हें मात्र तेव्हां सुचलें नव्हतें.

म्हणून सूनबाईला मीं उलट विचारलें, "तूं त्या गृहस्थांना कितपत ओळखतेस?"

"फारसें नाहीं. दोन टेबलें पलीकडे बसतात. रोज दुपारीं वडिलांचा फोन येई, आणि ते उठून खिडकीपाशीं जाऊन 'हो अण्णा, जेवलों' असें म्हणत. आम्ही हंसत असूं."

"मग तेंच लिही."

"तें वाचून त्यांना रडूं आलें तर?"

"येऊं दे," आमच्या सौभाग्यवती मध्येंच म्हणाल्या, आणि तो प्रश्न तेथें मिटला.

पत्र कचेरींतल्या माणसाच्या नांवें असलें तरी वाचतें सारें घर. बँकेच्या चेकावर करतों तशी वेटोळ्यांची सही तेथें निरुपयोगी. ती कोणाची, हें त्याच्या आईला कसें कळावें? पुरतें नांव, आणि सुवाच्य. अधिकाऱ्यानें पहिली जागा अडवूं नये. हा हजेरीपट नव्हे. ज्यांची ओळखच नाहीं त्यांनीं नुसतें नांव लिहावें, उसन्या शोकापेक्षां तें बरें. ज्यांचें पटत नाहीं त्यांनींहि नांवच लिहावें, पण तें चुकवूं मात्र नये; गाळलेलें नांव बरोबर ध्यानांत येतें. वर्गणी जमविली असल्यास नांवापुढें आंकडे नकोत. मृत्यु कसा झाला हें विचारूं नये, आणि "लवकर रुजू व्हा" हें तर मुळींच नको. समाचाराला गेलेला मनुष्य निघतांना "येतों" म्हणत नाहीं, मुकाट्यानें उठतो. पत्राचा शेवटहि तसाच असावा. जे खरोखर जवळचे आहेत त्यांचें भेटीचें ऋण या सहीनें फिटत नाहीं, हेंहि ओघानें आलेंच.

हल्लीं व्हॉट्सॲपवरील गटांत एकानें टाकलेलें 'भावपूर्ण श्रद्धांजलि' पुढचे चाळीस जण जसेंच्या तसें उतरवितात. श्रद्धांजलि गेलेल्यास, सांत्वन राहिलेल्यास. पण हा भेद शिकवावयास आतां मला वर्ग नाहीं.

पाकिटाविषयीं थोडें. जुन्या चालीच्या घरीं दुःखाच्या पत्रावर आरंभीं 'श्री' घालीत नसत, आणि निधनवार्तेचें पोस्टकार्ड वाचून झालें कीं फाडून टाकीत. तेव्हां असें फुलांचें पत्र कोणीं जपून ठेवलें नाहीं तर राग मानूं नये. पत्र पति गेलेल्या बाईंना असेल तर अडचण निराळी. हात सवयीनें 'सौ.' लिहून जातो, उलट 'गं. भा.' लिहिणारा आपण रीत पाळली असें समजतो. परंतु बदललेल्या स्थितीची ही खूण तिला पहिल्यानें कचेरीच्या पाकिटावर कां दिसावी? २०२३ च्या एप्रिलांत विधवांसाठीं 'गंगा भागीरथी' हा शब्द योजण्याचा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीं चर्चेसाठीं पुढें केला, तेव्हां त्यावर केवढी टीका झाली हें वाचकांस स्मरत असेल. आमच्याहि घरीं दोन तट पडले होते: एका बाजूस वडील बंधु, दुसऱ्या बाजूस बाकी सर्व. माझें मत असें कीं, उपपद न लावतां नांव लिहावें आणि पुढें 'यांस' म्हणावें.

सूनबाईनें काय लिहिलें तें मीं पाहिलें नाहीं. मधली जागा जवळच्यांसाठीं सोडून तिनें खालच्या कोपऱ्यांत लिहिलें, एवढें दिसलें. यादींत एका गृहस्थांचें नांव राहिलें होतें. ते गांवीं गेले होते. "माझी सही तूंच करून टाक," असा त्यांचा निरोप आला. तिनें "नाहीं" म्हणून कळविलें आणि पत्र अडवून ठेवलें. ते सोमवारीं आले, उभ्याउभ्याच सही करूं लागले, मग खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. पत्र तीन दिवस उशिरां गेलें.