भाव सांगण्याआधी माप सांगा

डिझेलच्या भावाबद्दल शेतकरी बोलू लागला की त्याला गप्प बसवायला एक ठरीव उत्तर तयार असते. "युरोपात जाऊन पाहा, तिथे दीडशे रुपये लिटर आहे. तिथले लोक कुठे ओरडतात?" मग सभेतलाच दुसरा कोणी उठतो आणि सांगतो, "अमेरिकेत तर साडेतीन डॉलरला मिळते!" टाळ्या दोघांनाही पडतात. आमचे म्हणणे असे की हिशेब दोघांचाही कच्चा आहे, आणि कच्चा हिशेब घेऊन सरकारशी भांडता येत नाही.

कापूसवाल्याला हे समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कचा भाव सेंटमध्ये आणि पौंडाला, मुंबईचा भाव खंडीला, आपला भाव क्विंटलला. तिकडे आणि मुंबईत रुई विकली जाते, आपण कापूस विकतो. अमेरिकेची गाठ 480 पौंडांची, म्हणजे सुमारे 218 किलोची. आपली 170 किलोची. ही मापे एक केल्याशिवाय कोणी परदेशी भाव तोंडावर फेकला तर आपण फसत नाही. मग डिझेलच्या बाबतीत का फसावे?

गॅलन कोणता?

अमेरिकेत तेल गॅलनने विकले जाते. अमेरिकन गॅलन म्हणजे 3.785 लिटर. इंग्रजांचा गॅलन वेगळा, 4.546 लिटरचा. आपल्याकडे मेट्रिक पद्धत येण्याआधी पंपावर जो गॅलन होता तो हा इंग्रजी. ब्रिटनने 1995 साली पंपावर लिटर सक्तीचे केले, पण गाडी किती पळते हे तिथे अजून गॅलनला किती मैल असेच सांगतात, आणि तो गॅलन इंग्रजी असतो. म्हणून "गॅलनला 30 मैल" हे वाक्य अमेरिकेत लिटरला पावणेतेरा किलोमीटर होते आणि ब्रिटनमध्ये साडेदहाच्या थोडे वर. युरोपात तर उलटेच विचारतात, 100 किलोमीटरला किती लिटर लागले. तिथे आकडा लहान तितकी गाडी चांगली.

आता साडेतीन डॉलरचा हिशेब करू. डॉलर 85 रुपयांचा धरू. गॅलन विसरून कोणी लिटर समजला तर भाव निघतो 297 रुपये. इंग्रजी गॅलन धरला तर सुमारे 65 रुपये. खरा अमेरिकन गॅलन धरला तर सुमारे 79 रुपये. एकाच पाटीवरचा एकच आकडा, पण त्यातून तीन भाव निघाले. ज्याला जो सोयीचा तो त्याने सांगावा, असा हा खेळ आहे.

चलनाचेही तसेच. नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाशी 1.60 ला बांधलेला आहे. काठमांडूच्या पंपावर 160 लिहिलेले दिसले तर ते आपले 100. नेपाळला सगळे तेल आपल्याच इंडियन ऑइलकडून जाते. 2019 पासून बिहारच्या मोतिहारीतून तिकडे नळही गेला आहे. तरीही 2021 च्या सुरुवातीला सीमेवरची बिहारी मंडळी पेट्रोल आणायला नेपाळात जात होती. आपल्याच देशातून गेलेले तेल सीमेपलीकडे स्वस्त कसे? उत्तर एकच, कर.

जमिनीखाली तेल आहे की नाही यावर पंपावरचा भाव ठरत नाही. नॉर्वे तेल विकून श्रीमंत झाला, पण त्याच्या पंपावर पेट्रोल महाग, कारण सरकारने कर लावला. व्हेनेझुएलात पेट्रोल वर्षानुवर्षे जवळजवळ फुकट होते. तिथल्या सरकारने 1989 मध्ये भाव वाढवला तेव्हा राजधानीत दंगली पेटल्या. पुढे त्याच देशात पेट्रोल स्वस्त आणि दुकानात अन्न नाही अशी पाळी आली. म्हणून स्वस्त तेलाचा देश तो सुखी देश, असेही आम्ही मानत नाही.

स्वस्ताई कुठे अडली?

20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदेभाव शून्याच्याही खाली गेला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था. त्यानंतर पंधरवड्याच्या आत केंद्र सरकारने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे 13 रुपयांनी वाढवले. ते 31 रुपये 83 पैशांवर गेले. जगातली स्वस्ताई सरकारी तिजोरीपाशी अडली, आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत आलीच नाही. पुढे 2021 आणि 2022 मध्ये हे शुल्क उतरवून 15 रुपये 80 पैशांवर आणले, एप्रिल 2025 मध्ये पुन्हा दोन रुपये चढवले. राज्याचा व्हॅट वेगळा. तो शेकड्यात असतो, म्हणून भाव चढला की करही आपोआप चढतो. अमेरिकेचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला 24.4 सेंट आहे. आपल्या मापात, 85 च्या डॉलरने, तो लिटरला साडेपाच रुपये होतो.

आणि नावाची गंमत पाहा. 2021 च्या अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरला 4 रुपये "कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर" बसला. इतर शुल्के कमी केल्यामुळे त्या दिवशी भाव वाढला नाही, हे मान्य. पण शेतीच्या नावाने उपकर, आणि तो भरणारांत नांगरटीला डिझेल जाळणारा शेतकरीही!

परदेशाचे दाखले देणारे एक गोष्ट कधीच सांगत नाहीत. त्या महाग देशांत शेतीच्या डिझेलवर मोटारीच्या डिझेलइतका कर नसतो. अमेरिकेत शेतातल्या कामाच्या डिझेलवर केंद्राचा रस्ताकर नाही. ते ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग घालतात. ब्रिटनमध्ये 2022 साली रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरला 52.95 पेन्स शुल्क होते, शेतीच्या लाल डिझेलवर 10.18 पेन्स. जर्मनीत शेतकरी पंपावर पूर्ण भाव देई आणि नंतर लिटरमागे 21.48 सेंट परत घेई. ही सवलत काढण्याचे ठरले तेव्हा जानेवारी 2024 मध्ये त्यांचे ट्रॅक्टर बर्लिनच्या रस्त्यावर उभे राहिले. 2025 मध्ये आलेल्या नव्या सरकारने ती पुन्हा द्यायचे ठरवले. "तिथले लोक कुठे ओरडतात" याचे उत्तर हे असे आहे.

आपले माप कोणते?

लिटर झाला, रुपया झाला, तरी हिशेब पुरा होत नाही. पैसे कमवायला किती घाम लागतो तेही धरावे लागते. अमेरिकेत केंद्राने ठरवलेली किमान मजुरी 2009 पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. आठ तासांच्या मजुरीत वरच्या साडेतीन डॉलरच्या भावाने 62 लिटर तेल येते. महाराष्ट्रात 2025-26 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती आणि 2025 मध्ये डिझेल लिटरला 90 च्या आसपास. दिवसभर राबून साडेतीन लिटर!

कोरडवाहू शेतकऱ्याने तर मालातच मोजावे. 2025-26 चा संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये. त्या भावाने एक लिटर डिझेलला अडीच किलोला थोडी कमी ज्वारी जाते. बाजारात ज्वारी 2,400 ने गेली तर पावणेचार किलो. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710. त्या भावाने एका लिटरला सुमारे 1,170 ग्रॅम कापूस. दर हंगामात हे तोलून पाहिले की देश पुढे गेला की शेतकरी मागे पडला, ते कोणाला विचारावे लागणार नाही.

भावांनो आणि मायबहिणींनो, आमची मागणी भिकेची नाही. रंगीत डिझेलचा वेगळा पंपही आम्हाला नको. रेशनचे निळे रॉकेल ट्रकच्या टाकीत कसे पोचत होते ते आपण पाहिले आहे. दोन भाव आले की परवाना आला, इन्स्पेक्टर आला, काळाबाजार आला. पहिली मागणी सरळ आहे: डिझेलवरचा करच सर्वांसाठी उतरवा. ते होईपर्यंत जर्मनीसारखी परतफेड द्या, पण ती ट्रॅक्टरच्या मालकाला नको, पेरलेल्या एकराला द्या. आपल्यातले बहुतेक जण नांगरट, रोटाव्हेटर, मळणी भाड्यानेच करतात. डिझेल ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर दिसते, पैसे आपल्या भाड्यातून जातात. ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंद होतेच, तिच्यावरून हिशेब करता येईल. बटाईने कसणाराला त्यातून वगळू नये.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. एकरी कापसाला आणि एकरी ज्वारीला नांगरटीपासून बाजारापर्यंत किती लिटर डिझेल लागले, भाड्यापोटी किती रुपये गेले आणि माल कोणत्या भावाने विकला, एवढेच लिहावे. ट्रॅक्टरवाल्यांनीही आपले आकडे मोकळेपणाने द्यावेत. भांडण त्यांच्याशी नाही. हे कागद एकत्र केले की जिल्ह्याचा हिशेब तयार होईल, आणि पुन्हा कोणी युरोपचा भाव सांगू लागला तर त्याच्यासमोर तो ठेवता येईल.