फटफटीवरचें गाणें
निघोज्यास आमच्या चिरंजिवांनीं लांबच्या प्रवासाच्या फटफटीवर डिजिटल साउंड प्रोसेसर बसविला. तार थेट बॅटरीवरून घेतली, तिच्याजवळच फ्यूज घातला. तरी इंजिन वाढवितांच कर्ण्यांतून शिटी येई. ऋण टोकाच्या तारा सांगाड्यास दोन निरनिराळ्या जागीं जोडल्या होत्या. त्या एकत्र बॅटरीस नेतांच शिटी थांबली.

लहान कर्ण्यांस खर्ज झेपत नाहीं, आणि वेगांत वारा खर्जच आधीं गिळतो. म्हणून सुमारें १०० हर्ट्‌झखालील आवाज गाळला.

आमची चिंता निराळी. चाकणच्या रस्त्यावर मागच्या ट्रकचा भोंगा ऐकूं येईल काय? सौ. स्वतः शिरस्त्राण घालून आसनावर बसल्या, आम्ही शेजारच्या टेंपोचा भोंगा वाजविला. त्यांस तो ऐकूं गेला नाहीं! उभ्या गाडीवर तर वाराही नव्हता. आवाजाची कमाल मर्यादा त्याच संध्याकाळीं तीनदां खालीं आली.