भिंतीची तक्तपोशी

झाकणं हा आम्हा मध्यमवर्गीयांचा कुलाचार आहे. टीव्हीवर विणलेला रुमाल, सोफ्याला अभ्रा, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. इथवर माझी हरकत नाही. पण ओल धरलेल्या भिंतीवर प्लायवुडचे तक्ते ठोकून 'भिंत दुरुस्त केली' म्हणणाऱ्यांशी माझं उभं वैर आहे. त्यांत आमचे सांगलीचे साडू आघाडीवर असल्यामुळे हे वैर घरगुती आहे.

साडूंनी जन्मात करवत हातात धरली नव्हती. मोबाईलवर कुणी गोरा माणूस दोन तासांत गॅरेज चकाचक करताना दिसला, आणि दुसऱ्या दिवशी दारात रिपा, स्क्रू आणि आठ बाय चारचे तक्ते येऊन पडले. आता तिकडची गॅरेजं बरीचशी लाकडी सांगाड्याची. तिला तक्ते लावणं म्हणजे अंगात बनियन घालण्यासारखं. आपली भिंत नऊ इंची विटेची. पुराचं पाणी ती टीपकागदासारखी पिते. तेच पाणी बाहेर पडताना आतले क्षार वर आणतं, ते खडीसाखरेसारखे गोठतात आणि गिलाव्याचे पोपडे उडवतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. दर इंचाला एक महिना, असा भिंत वाळण्याचा ढोबळ अडाखा आहे. नऊ इंचांना नऊ महिने, म्हणजे बाळंतपणाचाच हिशेब! ऑगस्टात पूर आला तर मोकळं व्हायला मे उजाडतो, आणि तोवर मृग दारात. सुटलेला गिलावा खरवडावा, क्षार कोरड्या ब्रशनं झाडावेत, दारं-खिडक्या उघडून गप्प बसावं. पण गप्प बसणं दुकानात आठ बाय चारमध्ये मिळत नाही.

तक्ता ठोकला की मागं काय उरतं? अंधार, ओल आणि लाकूड. वाळवीला याहून चांगलं स्थळ सांगून येत नाही.

"मरीन प्लाय हाय. पाण्यानं काय होत न्हाई त्याला," साडू म्हणतात.

प्लायला होत नाही हो! मी भिंतीचं विचारतोय.

मी पडलो बँकेतला. बुडीत कर्जदाराला नवं कर्ज देऊन जुनं फिटल्याचं दाखवायचं, ही आमच्या धंद्यातली तक्तपोशी. २०१५ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांचे तक्ते उचकटायला घेतले, तेव्हा मागं केवढी वाळवी निघाली ते सगळ्या देशानं पाहिलं. तिकडं निदान उचकटणारं कुणी होतं. साडूंच्या गॅरेजला इन्स्पेक्शन नाही.

आणि ओल, वाळवी एकवेळ परवडली. त्या तक्त्यांखाली पुराच्या रेघा गेल्या, हे मला सोसवत नाही. २००५ साली पाणी गॅरेजच्या पायरीला लागलं होतं. तेवढ्या आठवणीवर साडूंनी २०१९ साली स्कूटर दोन विटांवर चढवली आणि निश्चिंत झोपले. आयर्विन पुलापाशी इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला. त्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. स्कूटर तर गेलीच, पण साडूंच्या मातोश्रींना खिडकीतून होडीत घ्यावं लागलं. चिखल ओसरल्यावर भिंतीवर छातीइतक्या उंचीला तपकिरी रेघ उरली. २०२१ ची तिच्या खाली, मांडीशी. घराचं पासबुक ते! आणखी दहा वर्षांनी नातवंडांनी, नाहीतर भाडेकरूंनी, सामान कुठवर चढवायचं आणि म्हातारीला कधी हलवायचं, हे कशावरून ठरवायचं? सनमायक्यावरून?

हे बोललो तर साडू उसळले. "तुमचं बरं हाय ओ, सातारकर. कोयनेचं पाणी वरनं तुम्ही सोडणार, आणि वर ओलीवर व्याख्यान बी तुम्हीच देणार!"

धरण आमच्या जिल्ह्यात आहे खरं, पण त्याचे दरवाजे बँकेच्या कारकुनाकडं नसतात. तरी मी नमतं घेतलं. म्हटलं, ठोका तक्ते. पण खाली वरती वीतभर फट ठेवा, वारा खेळू दे. आणि आतली रेघ जिथं आहे, तिथंच तक्त्यावर बाहेरून ऑइल पेंटनं रेघ मारून साल लिहा.

साडूंनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. म्हणाले, "रेघ बाहेर काढायचीच हाय, तर मग झाकलं कशाला?"